मागच्या काचेचं बटण

"गाडीत उंदीर मेलाय," चहाचा कप खाली ठेवत मिस्त्रींनी जाहीर केलं.

गाडीत उंदीर नव्हता. मेलेलाही नव्हता आणि जिवंतही नव्हता. पण मिस्त्रींना ड्रायव्हरशेजारची सीट सोडवून बाहेर काढायची होती, त्यासाठी बायकोला काहीतरी कारण सांगणं भाग होतं, आणि बरंच डोकं खाजवून त्यांना एवढंच सुचलं होतं. जन्मभर खरं बोललेल्या माणसाची खोटं बोलताना अशीच दाणादाण उडते.

"कुठे मेलाय?" मेट्रननी विचारलं.

"सीटखाली. तुझ्याच सीटखाली."

"मला कसा वास नाही आला?"

"तू बसतेस कुठे हल्ली गाडीत?"

बोलून गेल्यावर मिस्त्रींनी जीभ चावली. कारण घोडं नेमकं तिथेच अडलं होतं.

मिस्त्री म्हणजे सारी नोकरी लिफ्ट बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस. मेट्रन म्हणजे त्यांची बायको. मोठ्या हॉस्पिटलात नर्सांवर, पेशंटांवर आणि वेळ पडली तर डॉक्टरांवरही हुकूम गाजवून त्या निवृत्त झाल्या होत्या. हुद्दा गेला तरी हाक तीच राहिली होती. गेल्या वर्षी पडदे काढताना त्या स्टुलावरून घसरल्या आणि तेव्हापासून त्यांची पाठ दुखत होती. हे मिस्त्रींना माहीत होतं, शेजाऱ्यांना माहीत होतं, कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही माहीत होतं. मान्य नव्हतं ते फक्त मेट्रनना. "मला काही झालेलं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मिस्त्रींनी गरम पाण्याची पिशवी आणली, ती "ही पेशंटला देतात" म्हणून कपाटात गेली. पाठीला टेकायची उशी आणली, तिच्यावर मांजर झोपायला लागलं. ज्या बाईने आयुष्यभर लोकांना "कुठे दुखतं ते नीट सांगा, लाजताय काय?" म्हणून दटावलं, तिची ही तऱ्हा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

मिस्त्रींनी हेही निभावून नेलं असतं. पण टेकडीपलीकडच्या गावात ताई राहत होत्या. मेट्रनची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा मेट्रनची वेणी घालण्यापासून त्यांना नर्सिंगला पाठवण्यापर्यंत सगळं ताईंनीच केलेलं. ताईंचे गुडघे आता गेलेले, त्यामुळे भेटायचं तर इकडूनच जायला हवं. पूर्वी महिन्याकाठी फेरी व्हायची. पाठ धरल्यापासून मेट्रनना गाडीत जेमतेम कोपऱ्यापर्यंत बसवत होतं. तासाभराच्या रस्त्याचं नाव काढलं की त्यांना पाहुणे आठवायचे, नळाचं काम आठवायचं, गाडीचा आवाज बरोबर नाही असं वाटायचं. ताईंना फोनवर रोज नवं कारण. शेवटी एकदा ताई म्हणाल्या, "राहू दे गं. नको येऊस. माणूस म्हातारं झालं की नकोसं होतंच," आणि त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर दोन्हीकडून फोन बंद. मेट्रन फोन मांडीवर घेऊन बसायच्या आणि मिस्त्री आले की तो फोन पुसत असल्यासारखं करायच्या. हे मात्र मिस्त्रींना बघवेना.

म्हणून त्यांनी सीट गरम करायचं साहित्य आणलं. सीटच्या कापडाखाली घालायच्या दोन पातळ गाद्या, वायरींचं जुडगं, आणि चालू-बंद-कमी-जास्त करायला एक गोल, लाल दिव्याचा स्विच. हा स्विच डॅशबोर्डला भोक पाडून बसवा, असं सूचनांच्या कागदावर लिहिलं होतं. भोक! मेट्रननी तो लाल दिवा पाहिला असता आणि पुढच्या क्षणाला विचारलं असतं, "हे कुणासाठी?" मग ती सीट मांजराला गेली असती.

शिवाय मिस्त्रींचा स्वतःचा एक बाणा होता. चांगल्या लिफ्टमध्ये माणसाला आपण हललोय हे कळता कामा नये. चांगलं काम ते, जे दिसत नाही. तेव्हा कंपनीने गाडीत दिलेल्या बटणांपैकीच एखाद्यावर हे काम उरकायचं, असं त्यांनी ठरवलं. सीट गरम करायचं बटण त्या स्वस्तातल्या गाडीत नव्हतंच. पण मागच्या काचेवरची वाफ घालवणारं एक बटण होतं. ते दाबलं की काचेतल्या बारीक तारा तापायच्या आणि काच स्वच्छ व्हायची. त्याच बटणाने गुपचूप सीटही तापली तर? काच पुसली जाईल आणि पाठही शेकली जाईल. मिस्त्री स्वतःवरच खूश झाले.

बॅटरी सोडवून, सीट उलटी करून, कापड निम्मं उसवून ते पार्किंगमध्ये मांडी घालून बसले होते, तेवढ्यात मेट्रन खाली आल्या. नाकाला रुमाल, हातात रबरी मोजे, काखेत फिनेलची बाटली.

"कुठंय?"

"काय?"

"काय म्हणजे? उंदीर!"

"टाकला."

"कुठे?"

"कचऱ्यात."

"तसाच? उघडा? अहो, शिकल्यासवरल्यासारखं वागा जरा! रोगराई कशी पसरते माहीत आहे का? जा, काढा बाहेर, कागदात गुंडाळा आणि मागे खड्डा करून पुरा. मी बघतेय इथून."

मिस्त्रींची पाचावर धारण बसली. आता उंदीर आणायचा कुठून? हाताशी जे आलं ते घेऊन ते कचऱ्याच्या डब्याशी गेले आणि मेट्रनकडे पाठ करून त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळलं. आला होता तो गोल स्विच. त्याची काळी वायर कागदाबाहेर लोंबत राहिली.

"अगंबाई! केवढं शेपूट!" मेट्रन दोन पावलं मागे सरकल्या. "नीट खोल पुरा."

मिस्त्रींनी तो स्विच भिंतीकडेला खोल पुरला, वर मेट्रननी निम्मी बाटली फिनेल ओतलं, आणि अशा रीतीने सीटची उष्णता कमी करण्याचं आणि बंद करण्याचं एकुलतं एक साधन मातीआड झालं. नाही तरी तो बसवायचा नव्हताच, म्हणून मिस्त्रींनी मनाला लावून घेतलं नाही. तिथेच चुकलं.

सगळी जोडणी झाली आणि एक अडचण निघाली. काचेचं बटण थोड्या वेळाने आपोआप बंद व्हायचं; कंपनीने ते तसंच केलं होतं. म्हणजे सीटही गार. आता लिफ्टच्या माणसाला हा प्रकार बघवणारा नव्हता. लिफ्टचं बटण एकदा दाबलं की दाबलं. लिफ्ट येऊन दार उघडेपर्यंत तो हुकूम विसरायचा नसतो, आणि दिलेला हुकूम मागेही घेता येत नाही. मिस्त्रींनी हाडाच्या सवयीने एक रिले, म्हणजे लिफ्टमध्ये असतो तसा आपोआप चालणारा स्विच, मध्ये घातला. बटण एकदा दाबलं की सीटचा प्रवाह धरून ठेवायचा, काचेचं बटण विझलं तरी सोडायचा नाही. सोडायचा तो सीटशेजारचं दार उघडल्यावरच. अगदी लिफ्टसारखं! उतरायचं म्हणजे मेट्रन दार उघडणारच, आणि दार उघडलं की सीट आपोआप बंद. वेगळं बंद करायचं बटण हवंय कुणाला?

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी मेट्रनना बाजारात नेलं. निघताना काचेचं बटण दाबलं.

"मागची काच स्वच्छ आहे की," मेट्रन म्हणाल्या.

"असू दे. सुरक्षा."

मेट्रननी अंगावरची जाड शाल सारखी केली. थोडं पुढे गेल्यावर त्यांचा चेहरा सैल पडला. बाजार आला तरी त्या उतरेनात.

"अजून एक चक्कर मारू या का?" त्या म्हणाल्या. "हवा बरी आहे."

मिस्त्रींना गाडी चालवता चालवता गहिवरून आलं. पुढचे काही दिवस त्या दोघांनी भाजीला चक्कर, दुधाला चक्कर, कशालाच नाही म्हणून चक्कर, असा सपाटा लावला. आणि एका सकाळी मेट्रन कमरेवर हात ठेवून ताठ उभ्या राहिल्या.

"बघितलंत? मी म्हणत नव्हते, मला काही झालेलं नाही? मनावर घेतलं की सगळं बरं होतं. आपण रविवारी ताईकडे जायचं."

मिस्त्रींनी आनंदाने लगेच कॅलेंडरवर रविवारभोवती गोल काढला.

"आणि गाडी मी चालवणार," मेट्रन म्हणाल्या.

"तू?"

"का? मला येत नाही?"

"येतं की. पण तुझी..."

"माझी काय?"

पाठ हा शब्द त्या घरात उच्चारायची सोय नव्हती. करायला गेले काय आणि झालं काय!

रविवारी सकाळी कडाक्याची थंडी होती. मेट्रन गारढोण सीटवर, स्टिअरिंगमागे. मिस्त्री शेजारी, पातळ पँटीत. दोघांच्या श्वासाने काचांवर वाफ धरली. मेट्रननी आरशात पाहिलं.

"मागचं काही दिसत नाही," म्हणत त्यांनी बटण दाबलं.

"राहू दे!" मिस्त्री ओरडले.

"का?"

"बॅटरी... बॅटरी खातं ते."

"आणि रोज भाजीला जाताना नव्हतं खात?"

मिस्त्रींच्या खालची सीट तापायला लागली. सुरुवातीला बरं वाटलं. मग छान वाटलं. मग मिस्त्रींच्या लक्षात आलं की कमी-जास्त करणारा स्विच जमिनीखाली आहे आणि गाद्या पूर्ण जोरावर आहेत. जाड शालीतून जी ऊब मेट्रनना सुखावत होती, ती पातळ पँटीतून चटका देत होती. मिस्त्री आधी डावीकडे कलले, मग उजवीकडे कलले, मग दोन्ही हात सीटवर टेकवून त्यांनी अधांतरी राहायचा प्रयत्न केला.

"काय चाललंय?"

"काही नाही. जरा थांबवतेस? जाऊन येतो."

"घरून निघताना नाही गेलात?"

"थंडी आहे ना."

गाडी थांबली. मिस्त्रींनी दार उघडलं, सीट बंद झाली, ते झाडामागे जाऊन उगाचच उभे राहिले आणि परत येऊन निवलेल्या सीटवर बसले. पण दार उघडल्याने थंड हवा आत आली, काचेवर पुन्हा वाफ धरली, आणि मेट्रननी पुन्हा बटण दाबलं.

दुसऱ्यांदा मिस्त्रींना तळं बघायचं होतं. तळ्यात पाणी नव्हतं.

तिसऱ्यांदा थांबायला मेट्रननी साफ नकार दिला. "अशाने आपण संध्याकाळी पोचू. ताईला मी सांगितलेलंही नाही येतोय म्हणून. ती दाराशीच म्हणेल, आता कशाला आलीस. मला आधीच धडधडतंय." पाठ ताठ धरून, दात आवळून त्या चालवत होत्या. खड्डा आला की त्यांचे डोळे मिटायचे. मिस्त्रींना ते दिसत होतं आणि बोलता येत नव्हतं. खालून सीट भाजत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

चढ लागला, गाडी हळू झाली. आता राहवेना. मिस्त्रींनी हळूच हात नेऊन दार किंचित उघडलं, नुसतं बोटभर. सीट बंद झाली. पण गाडी टिंग टिंग करून बोंबलायला लागली. मेट्रननी वळून पाहिलं, तर नवरा चालत्या गाडीचं दार उघडून बसलेला!

"अहो!" त्यांनी करकचून ब्रेक दाबला. "उडी मारताय की काय?"

"नाही गं, वारा..."

"थांबा. इकडे बघा. घाम फुटलाय तुम्हाला. एवढ्या थंडीत?" मेट्रननी गाडी कडेला घेतली आणि मिस्त्रींचं मनगट धरलं. त्यांच्यातली नर्स खडबडून जागी झाली होती. "नाडी बघा कशी पळतेय! छातीत दुखतंय? डाव्या हातात मुंग्या? सकाळपासून अस्वस्थ आहात, सारखे उतरताय. ताईकडे नंतर. आधी दवाखाना."

"अगं, मला काही झालेलं नाही."

"हे वाक्य माझ्यासमोर बोलायचं नाही!" मेट्रन कडाडल्या, पण डोळे भरून आले होते. "काही झालेलं नाही म्हणणारे किती बघितले मी. काही झालेलं नाही, काही झालेलं नाही, आणि मग बाहेर बाकावर त्यांची बायको रडत बसलेली असते. दुखतंय तर सांगायला काय होतं? माझ्यापासून लपवायचं? इतकी वर्षं एका घरात राहून? मी काय परकी आहे? समोरच्या माणसाला सगळं दिसत असतं, कळत असतं, आणि त्याने नुसतं बघत बसायचं..."

बोलता बोलता त्या थबकल्या. मिस्त्रींचं मनगट अजून त्यांच्या हातात होतं.

"हो ना," मिस्त्री हळूच म्हणाले. "नुसतं बघत बसायचं म्हणजे फार जड जातं."

मेट्रननी मान खाली घातली. मिस्त्रींनी त्यांचा हात उचलून आपल्या सीटच्या पाठीवर ठेवला.

"गरम आहे!" मेट्रन दचकल्या. "ही गरम कशी?"

"बसवलंय. आतून. काचेचं बटण दाबलं की तापते."

"कुणासाठी?"

मिस्त्रींनी मेट्रनच्या खांद्यावरची शाल सारखी केली. मेट्रन त्यांच्याकडे बघत राहिल्या. भाजीच्या चकरा, दुधाच्या चकरा, मनावर घेतल्यावर बरं होणारं अंग, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं.

"म्हणून सीट काढली होतीत? मग तो उंदीर?"

"स्विच होता."

"आणि शेपूट?"

"वायर."

मेट्रननी तोंडावर हात घेतला. मग खांदे हलायला लागले. "मी... मी त्याच्यावर फिनेल ओतलं!" म्हणत त्या हसत सुटल्या, इतक्या हसल्या की पाठीत सणकन कळ गेली. "आई गं!" त्या कळवळल्या. पण या वेळी सावरून बसल्या नाहीत. स्टिअरिंगवर डोकं टेकवून तशाच राहिल्या.

"दुखते हो," त्या म्हणाल्या. "फार दुखते. वर्षभर दुखतेय. भीती वाटायची. जन्मभर लोकांना पलंगावरून उठवलं, आता मलाच कुणी उठवायला लागलं तर? एकदा पेशंट म्हणून घेतलं की माणूस पेशंटच होऊन बसतं."

"वेडी आहेस," मिस्त्री म्हणाले. "चल, जागा बदलू. उद्या डॉक्टरकडे जाऊ. आणि तिथे तू हुकूम सोडायचे नाहीत."

मेट्रन शालीसकट गरम सीटवर बसल्या, दार लावलं आणि बटण स्वतःच्या बोटाने दाबलं. उरलेला रस्ता त्यांनी डोळे मिटून काढला.

ताईंच्या फाटकाशी गाडी थांबली. ताई काठी टेकत अंगणात आल्या. कोण आलंय ते पाहिलं आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. मिस्त्री उतरून मेट्रनचं दार उघडायला वळले.

"उघडू नका!" मेट्रन आतून म्हणाल्या. "बंद होईल ती. आत्ता कुठे पाठ सुटतेय." त्यांनी काच खाली केली. "ताई!"

"आलीस? आता कशाला आलीस?" ताईंनी मान वळवली नाही.

"ताई, माझी पाठ दुखते गं. वर्षभर दुखतेय. पाहुणे नव्हते, नळही बिघडला नव्हता. मला बसवत नव्हतं, म्हणून येत नव्हते. रागवू नकोस."

ताई वळल्या. काठी टेकत, गुडघ्यांना शिव्या देत फाटकाबाहेर आल्या आणि खिडकीतून हात घालून त्यांनी मेट्रनच्या गालावरून हात फिरवला. "बावळट! मला वाटलं, मी मेले तरी येणार नाहीस तू. मला सांगायचं नाही? तुझं नाक मी पुसलंय!" म्हणता म्हणता त्या रडायला लागल्या. मग गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने ड्रायव्हरच्या सीटवर चढल्या, दार ओढून घेतलं, आणि खिडकीची काच वर गेली.

मिस्त्री बाहेर थंडीत उभे राहिले. आत दोन डोकी एकमेकींना टेकली होती. कधी दोघी रडत होत्या, कधी हातवारे करून हसत होत्या. मिस्त्रींनी एकदा काचेवर टकटक केली, तर दोघींनी हाताने "थांबा" म्हणून सांगितलं. शेवटी तेच ताईंच्या स्वयंपाकघरात गेले, डबे हुडकून चहा केला आणि दोन कप घेऊन आले.

मेट्रनच्या बाजूची काच चार बोटं खाली आली, कप आत गेला. मग ताईंच्या बाजूची काच खाली आली. ताईंनी चहाचा घोट घेतला, मिस्त्रींकडे नीट बघितलं आणि विचारलं, "काय हो, जावईबापू, ही बाजू गार का? पाठ मला नाही का?"